लष्करी क्रोनोग्राफ म्हणून गळ्यात पडलेलं जोडघड्याळ

क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉच असलेलं मनगटी घड्याळ. त्याच्या जाहिरातीत पाच फोटो आणि दोन ओळी. सी.डब्ल्यू.सी. (ब्रिटिश घड्याळ कंपनी) क्रोनोग्राफ, 1974, ब्रिटिश हवाई दलात वापरलेला, सर्व भाग मूळ, नुकतीच सर्व्हिस झालेली. पाठच्या झाकणावर रुंद बाण (ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण), त्याखाली 6बीबी-924-3306, त्याखाली घड्याळाचा क्रमांक आणि /74. वाचून कोणाचीही खात्री पटावी असंच सगळं. पैसे गेले, घड्याळ आलं. झाकण उघडल्यावर मात्र आतलं मशीन एका घड्याळाचं, केस दुसऱ्याची आणि पाठीवरचं कोरीवकाम अगदी अलीकडचं, असा प्रकार निघाला, म्हणजे जोडघड्याळ. यातला एकही भाग नकली नव्हता, म्हणूनच ही फसवणूक पकडायला अवघड गेली.

सर्वांत जास्त माणसं 6बीबी-924-3306 या आकड्यावर फसतात, म्हणून आधी त्याबद्दल. 6बीबी म्हणजे हवाई दल, 0552 म्हणजे नौदल. 924-3306 हा वस्तूच्या प्रकाराचा साठा क्रमांक आहे, त्या एका घड्याळाचा नाही. 1970 च्या दशकात आणि 1980 च्या आसपास ब्रिटिश दलांना हॅमिल्टन, सी.डब्ल्यू.सी., न्यूमार्क आणि प्रेसिस्टा या चार नावांनी जवळजवळ सारखेच क्रोनोग्राफ पुरवले गेले. उजवी बाजू किल्ली आणि बटणांना आडोसा म्हणून रुंद ठेवलेली, पट्ट्याच्या दांड्या केसमध्येच पक्क्या बसवलेल्या. या चारही नावांच्या पाठीवर हाच 924-3306 असतो. त्यामुळे ‘नंबर शोधून बघा, खरा आहे’ असं विकणारा म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. नंबर शोधला की सापडणारच. पण त्याने त्या घड्याळाबद्दल काहीच सिद्ध होत नाही, आणि कोरणाऱ्यालाही तो तिथूनच मिळतो.

त्या ओळीपेक्षा खालचा क्रमांक आणि वर्ष जास्त उपयोगाचं. सी.डब्ल्यू.सी. ही कंपनी 1972 साली निघाली, म्हणजे तिच्या नावाच्या डायलमागे /70 किंवा /71 असेल तर पुढचं काही बघायलाच नको. न्यूमार्क आणि प्रेसिस्टा 1980 च्या आसपासचे. 1984 पासून हवाई दलाने जपानच्या सेइको कंपनीचा क्वार्ट्झ क्रोनोग्राफ घेतला, त्यामुळे त्यानंतरचं वर्ष कोरलेलं हे चावीचं घड्याळ दिसलं तर संशय घ्यावा. घड्याळाचा क्रमांक जुन्या विक्रीच्या फोटोंमध्ये शोधायचा. एकच क्रमांक आणि वर्ष दोन वेगळ्या केसांवर दिसलं तर त्यातला एक खोटा. केस तीच आहे का हे कडांवरच्या खोल ओरखड्यांवरून ओळखता येतं, कारण ते पॉलिशने सहसा पुसले जात नाहीत.

आता कोरीवकाम. दहापट भिंग घ्यायचं, झाकणावर एका बाजूने तिरपा उजेड पाडायचा आणि अक्षरांकडे न बघता ओरखड्यांकडे बघायचं. पन्नास वर्षं हातावर आणि टेबलावर घासलेल्या झाकणाचे ओरखडे अक्षरांवरून जातात; अक्षराच्या कडेला ते किंचित वाकतात, तुटतात, पलीकडे पुन्हा सुरू होतात. या घड्याळावर उलटं होतं. एक लांब तिरपा ओरखडा 4 च्या आकड्यापाशी येऊन साफ कापला गेला होता आणि आकड्याच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा सुरू झाला होता. आकड्याच्या कडा मात्र जराही झिजलेल्या नाहीत. म्हणजे ओरखडा आधीचा आणि आकडा नंतरचा. शिवाय अक्षरांचा तळ दाणेदार, करडा आणि सगळीकडे एकाच खोलीचा होता. लेझरने कोरलं की असा तळ येतो. हत्याराने कोरलेल्या अक्षरात खोली कमीजास्त होते आणि कडेला धातूची बारीक वरंबी उठते, जी वापराने गुळगुळीत होते. हे सगळं मोबाइलच्या फोटोतही दिसतं, फक्त फोटो समोरून नको, तिरपा हवा. जाहिरातीतले पाचही फोटो समोरून होते.

डायलवर वर्तुळात ‘टी’ होता, म्हणजे चमकता रंग ट्रिटियम या किरणोत्सारी पदार्थाचा. ट्रिटियमचं अर्धायुष्य 12.3 वर्षं, पन्नास वर्षांत चार अर्धायुष्यं होतात आणि जेमतेम सोळावा हिस्सा उरतो. असा रंग अंधारात आपोआप दिसेल ही अपेक्षाच नको. अतिनील टॉर्च मारली तर मंद उजळतो आणि टॉर्च बंद करताच एकदोन सेकंदांत विझतो. या घड्याळाचे ठिपके टॉर्च बंद केल्यावरही कितीतरी वेळ हिरवे चमकत राहिले. हा 1990 नंतर आलेला, प्रकाश साठवून ठेवणारा नवा रंग; वरून चहाच्या रंगाची छटा देऊन म्हातारा केलेला. ठिपके छापलेल्या रेषेबाहेर किंचित ओघळले होते, तेही भिंगातून दिसलं.

इथे एक सावधगिरी दोन्ही बाजूंनी हवी. काट्यांचा आणि डायलचा रंग जुळत नाही म्हणजे फसवणूकच, असं नाही. लष्कराच्या दुरुस्तीशाळेत काटे आणि डायल सर्रास बदलले जायचे. सैनिकाला वेळ दिसावी एवढंच त्यांचं काम होतं, पुढे कोणी संग्रह करेल याची फिकीर त्यांना कशाला असणार? रंग पुन्हा भरलाय हे विकणाऱ्याने सांगितलं तर तो दोष आहे, लबाडी नाही. ‘सर्व भाग मूळ’ लिहून भरलेला असेल तर लबाडी. गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारं यंत्र) हाताशी असेल तर काचेवर धरून बघावा. ट्रिटियमचे बीटा कण काचेतून बाहेर येत नाहीत, त्यामुळे वर्तुळातल्या ‘टी’ च्या डायलवर तो गप्प राहायला हवा. टकटक वाढली तर काटे किंवा डायल जुन्या रेडियमच्या घड्याळातून आलेत. तसला रंग घरी खरवडू नका, आणि काचही काढू नका.

मशीनकडे आलं की बहुतेकांची हिंमत खचते, खरं तर तिथेच काम सर्वांत सोपं आहे. या चार नावांत व्हालज्यू या स्विस कंपनीचं 7733 हे मशीन बसतं: 17 खडे (घर्षण कमी करणारे कृत्रिम माणिक), ताशी 18,000 ठोके, तीनच्या जागी 30 मिनिटांची छोटी तबकडी, नऊच्या जागी चालू सेकंद. मॉडेलचा आकडा बॅलन्स व्हील म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाखाली मुख्य पट्टीवर ठोकलेला असतो. बॅलन्स थांबवून, चिमट्याने नव्हे तर मशीन तिरकं धरून, उजेड आत सोडला की वाचता येतो. या घड्याळात तिथे 7734 निघालं. 7734 म्हणजे तेच मशीन, पण तारखेसह. तारखेची खिडकी सहाच्या जागी येते. या डायलला खिडकीच नाही. तारखेचे भाग काढून टाकलेले, त्यांचे स्क्रू जिथे बसायचे ती भोकं डायलखाली रिकामी. 7734 त्या काळात असंख्य साध्या, बिगरलष्करी क्रोनोग्राफमध्ये गेलं. तसल्याच एखाद्या मोडक्या घड्याळातून हे उचललेलं. (कॅल्क्युलेटरवर 7734 टाइप करून उलटा धरला की इंग्रजीत नरक दिसतो, हा शाळेतला विनोद त्या दिवशी फारच झोंबला.)

दुसरी अदलाबदल याहून गुळगुळीत होऊ शकते. व्हालज्यूची 7734 बनवायची यंत्रं सोव्हिएत संघाने विकत घेतली आणि मॉस्कोच्या पहिल्या घड्याळ कारखान्यात 1976 पासून पोल्योत 3133 निघू लागलं. रचना तीच, पण 23 खडे आणि ताशी 21,600 ठोके. झाकण न उघडताही हा फरक टाइमग्राफरवर, म्हणजे ठोके ऐकून मोजणाऱ्या यंत्रावर, कळतो: 18,000 म्हणजे सेकंदाला 5 ठोके, 21,600 म्हणजे 6. विकणाऱ्याकडे टाइमग्राफर नसेल तर मायक्रोफोनजवळ घड्याळ धरून मोबाइलवर दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग मागा आणि ठोके मोजा. पन्नास यायला हवेत.

‘नुकतीच सर्व्हिस’ या दोन शब्दांची तपासणीही टाइमग्राफरच करतो. पूर्ण चावी दिलेली, डायल वर: बॅलन्सचा झोका 260 ते 300 अंश असला तर तब्येत ठीक. क्रोनोग्राफ सुरू केल्यावर वीसतीस अंश उतरणं साहजिक. या घड्याळाचा झोका सुरुवातीलाच 190 होता आणि क्रोनोग्राफ सुरू केल्यावर मोठा सेकंदकाटा अर्ध्या फेरीत अडखळू लागला. तेल वाळून चिकट झालेलं. शिवाय शून्यावर आणल्यावर काटा दर वेळी दीडदोन रेघा पुढे थांबायचा. एकच चूक प्रत्येक वेळी होत असेल तर काटा नुसता चुकीच्या जागी दाबलेला असतो. वेगवेगळ्या जागी थांबत असेल तर काट्याची नळी सैल झालेली किंवा काटा शून्यावर ढकलणारा हातोडा झिजलेला. पहिला दोष पाच मिनिटांचा, दुसरा खर्चिक. आणि हो, व्हिडिओत कोणी चालता काटा न थांबवता खालचं बटण दाबून ‘फ्लायबॅक’ (काटा शून्यावर येऊन लगेच पुन्हा धावणं) दाखवत असेल तर ते मशीन 7733 नाही किंवा त्या माणसाला घड्याळ कळत नाही. 7733 ला ती सोय नाही. असं दाबत राहिलं तर आतले भाग खराब होतात.

इतर देशांच्या लष्करी क्रोनोग्राफमध्येही हाच खेळ चालतो, फक्त खुणा बदलतात. फ्रेंच ‘टाइप 20’ च्या पाठीवर ‘एफ.जी.’ आणि तारखा असतात. त्या दुरुस्तीच्या हमीची मुदत संपण्याच्या, आणि नव्याने कोरायला अगदी सोप्या. जर्मन लष्कराच्या हॉयर 1550 क्रोनोग्राफवर झिन या जर्मन घड्याळ कंपनीचं नाव दिसलं तर मात्र घाबरू नका. झिनने लष्करातून निघालेली घड्याळं दुरुस्त करून आपल्या नावाने विकली होती.

कागदपत्र आहे म्हणून निर्धास्त होणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरे. 2021 साली जिनिव्हातल्या लिलावात ओमेगाचं एक जुनं स्पीडमास्टर क्रोनोग्राफ घड्याळ 31 लाख स्विस फ्रँकांहून जास्त किमतीला गेलं. 2023 मध्ये ओमेगानेच जाहीर केलं की ते जोडघड्याळ होतं आणि त्यात कंपनीच्याच माजी कर्मचाऱ्यांचा हात होता.

पैसे देण्याआधी मागायच्या गोष्टी: झाकणाचा तिरप्या उजेडातला फोटो, झाकणाची आतली बाजू, बॅलन्सखालचा आकडा, पट्ट्याच्या दांड्या केसला मिळतात ती जागा, टॉर्च मारून लगेच बंद केल्याचा व्हिडिओ, आणि क्रोनोग्राफ बंद व चालू असतानाचे टाइमग्राफरवरचे आकडे. या घड्याळाच्या विकणाऱ्याने आतला फोटो मागितल्यावर ‘झाकण उघडायचं हत्यार नाही’ असं लिहिलं होतं. नुकत्याच सर्व्हिस झालेल्या घड्याळाचा मशीनचा फोटो कारागिराकडे तरी असायला हवा होता, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. जाहिरातीतले शब्दही नीट वाचायचे. ‘मिलिटरी-स्टाईल’ म्हणजे नुसतं दिसायला तसं. ‘इश्यूड’ म्हणजे दलाने प्रत्यक्ष दिलेलं. पहिल्या शब्दावर पैसे परत मिळत नाहीत.

‘झाकण उघडून तपासल्यावर वर्णनाशी न जुळल्यास परत’ हे वाक्य व्यवहाराआधी लेखी घ्या आणि खरेदीदाराला संरक्षण देणाऱ्या मार्गानेच पैसे द्या. ओळखीच्या माणसाला पाठवतात तसे थेट पाठवू नका. पार्सल उघडताना न थांबता व्हिडिओ काढा. खोट उघडी पडली की घड्याळ सर्व्हिसला देऊ नका, पॉलिश तर मुळीच नाही. झाकणावरचा तो कापलेला ओरखडा हाच पुरावा असतो आणि तो खोल नसल्याने पॉलिशच्या चाकावर दहा सेकंदांत जातो. मूळ जाहिरातीचा स्क्रीनशॉट आधीच काढलेला असावा, कारण तक्रार गेली की पहिल्यांदा जाहिरात गायब होते.

हे घड्याळ परत गेलं नाही. लेखी अट नव्हती आणि जाहिरात उडाली होती. ते पुन्हा विक्रीला आलं तर वर्णन असं असायला हवं: मशीन व्हालज्यू 7734, तारखेचे भाग काढलेले, डायलचा रंग नव्याने भरलेला, पाठीवरचं कोरीवकाम नंतरचं, सर्व्हिस आवश्यक.