गाल भरायला पोटाची चरबी की फिलर?

लग्नसराई जवळ आली की लातूर-संभाजीनगरकडं एकच चर्चा: बसलेल्या गालांत पोटाची चरबी टोचायची की हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर, म्हणजे गाल भरायची तयार जेल? आमच्या मावशीचं मत ठाम, "आपलीच चरबी, तिचं काय भ्याव?"

भ्यायचं तिथंच आहे. दोन्हींत सुई चुकून धमनीत शिरली, तर आतला माल दाबानं उलटा सरकत डोळ्याच्या धमनीपर्यंत जाऊ शकतो. टेबलावरच डोळ्यापुढं अंधार. मेंदूकडं गेला तर अर्धांगवायू. भुवयांमधली जागा, नाक, कपाळ सगळ्यात धोक्याचं.

फरक पुढं पडतो. फिलर विरघळवायला हायलुरोनिडेज नावाचं इंजेक्शन आहे. रक्त अडून कातडी पांढरी-निळी पडताच ते टोचलं तर बरेचदा ती वाचते. (गेलेली नजर मात्र त्यानंही क्वचितच परत येते.) चरबीला असा उताराच नाही.

फिलर साधारण वर्षभरात विरतं, परत खर्च. चरबी टिकली तर वर्षानुवर्षं, पण किती जिरेल याचा नेम नाही.

मला विचाराल तर फिलर, तेही हायलुरोनिडेज हाताशी ठेवणाऱ्या डॉक्टरकडंच. पार्लरात तर नाहीच, फुकट दिलं तरी.