एम८ ट्रॅकर: नऊ महिने, सोळा ओळी आणि धुमाल

डिसेंबरात हातात आला, आता नागपुरात पोळ्यानंतरची मारबत होऊन गेली. म्हणजे डर्टीवेव्ह कंपनीचा एम८, हे संगीत रचायचं छोटं यंत्र, वापरायला लागून नऊ महिने झाले. पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो, तर सगळा अनुभव स्वतःच्या अकलेवर लिहावा लागला असता. म्हणून थांबलो.

ट्रॅकर म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९८७ साली कार्स्टन ओबार्स्की या जर्मन माणसाने अमिगा कॉम्प्युटरसाठी एक सॉफ्टवेअर काढलं. त्यात संगीत पट्टीवर किंवा पियानोच्या चित्रावर नाही, तर वरून खाली जाणाऱ्या ओळींत लिहायचं: सूर, वाद्याचा नंबर, इफेक्टचा आकडा. हिशेबाच्या वहीसारखं. अमिगात एका वेळी चारच आवाज निघायचे, त्यामुळे रकानेही चार. पुढे हीच पद्धत एलएसडीजे नावाने निन्टेन्डोच्या गेमबॉय या हातात धरून गेम खेळायच्या यंत्रावर आली. गेमबॉयवर संगीत करणाऱ्यांपैकीच एक, टिमोथी लँब, याने एम८ बनवला. तळहातावर मावतो. आठ ट्रॅक, म्हणजे आवाजांचे आठ रकाने, आणि सगळ्या कामाला मिळून आठच बटणं.

विकत घेण्याआधी मी टीन्सी ४.१ नावाच्या छोट्या बोर्डावर एम८चं हेडलेस फर्मवेअर टाकून तीन आठवडे काढले. त्याला पडदा नाही, बटणं नाहीत, लॅपटॉप जोडावा लागतो. पण आतलं डोकं तेच. तुम्हाला ही आकड्यांची भाषा झेपते की नाही ते त्यावर कळतं. माझा सल्ला हाच की आधी हे करा. माझा एक मित्र चौथ्या दिवशी “नाही बे, आपल्याच्यानं नाही होत” म्हणून मोकळा झाला, आणि त्याचे पैसे वाचले.

रचना अशी: एका फ्रेजमध्ये सोळा ओळी. फ्रेज एकापुढे एक लावून चेन, आणि चेन आठ रकान्यांत मांडून गाणं. फ्रेजच्या उजवीकडे वाद्याचं पान, त्याच्याही उजवीकडे टेबल, म्हणजे त्या वाद्यावर चालणाऱ्या इफेक्टची यादी. शिफ्ट दाबून बाणाने या पानांतून फिरायचं. आठवडाभर मी सारखा हरवायचो. मग बोटांना वाट सापडली, जशी अंधारात घरातल्या लाइटच्या बटणाची सापडते.

आकडे दहाच्या नाही, सोळाच्या पद्धतीतले, म्हणजे नऊनंतर ए, बी, सी, डी, ई, एफ, आणि दहा म्हणजे सोळा. इथे मी अडलो. सोडवलं बाबांनी, आणि त्यांनी जन्मात कधी सिंथेसायझर पाहिलेला नाही. पडद्यावर ०, ४, ८ आणि सी या ओळींवर किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, लावलेला होता. ते चष्मा वर करून बघत होते. म्हणाले, “सोळा आहेत ना? मग रुपया आहे हा. चार आणे, आठ आणे, बारा आणे.” बस. त्या दिवसापासून मला सी ही ओळ बारा आण्यांची दिसते, आणि चार आणि बारा आण्यांवर टाळी ठेवली की बहुतेक नाचाचे ठेके उभे राहतात. पुस्तिकेत हे कुठे लिहिलेलं नाही.

माझा रोजचा वापर मेट्रोत. लोकमान्य नगरहून सीताबर्डी, अक्वा लाइन, जागा मिळाली तर सोनेपे सुहागा. सुभाष नगर येईस्तोवर ठेका, शंकर नगरपर्यंत बेस, झाशी राणी चौकाला सेव्ह करून हेडफोन गुंडाळायचे. लॅपटॉपवर माझी त्रेचाळीस गाणी अर्धवट पडून आहेत. यावर नऊ महिन्यांत अकरा पूर्ण झाली. आठच ट्रॅक आहेत, तेव्हा “अजून एक आवाज टाकून बघू” हा रोग होत नाही. शेजारचे काका हमखास विचारतात, “भाऊ, कोणता गेम आहे हा?” आधी समजावून सांगायचो. आता म्हणतो, हव, गेमच आहे.

एक चूक मात्र प्रत्येक नवखा करतो, मीही केली. गाण्याच्या शेवटी फ्रेज ०ए मधले दोन सूर बदलले, खूश झालो, सुरुवातीपासून लावलं तर तिथलेही बदललेले! कारण ०ए ही एकच वस्तू आहे. तुम्ही तिला दहा ठिकाणी बोलावता, दहा प्रती काढत नाही. बदल करायचा असेल तर आधी क्लोन करायचं. हे कळलं तेव्हा एक चांगली चाल कायमची गेली होती. ती आता गुणगुणताही येत नाही.

आवाजांची कमतरता नाही. आवाज घडवणारे सिंथ बरेच: चार ऑपरेटरचा एफएम सिंथ आहे, वेव्हसिंथ आहे, मॅक्रोसिंथ आहे. पण मी सर्वांत जास्त रमलो सॅम्पलरमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज वाद्यासारखा वाजवणाऱ्या भागात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की आमच्याकडे दिवसरात्र कूलर, त्यामुळे घरात माइक लावून काही रेकॉर्ड करणं अशक्य. शेवटी कूलरच रेकॉर्ड केला. पंप सुरू होतानाची गुळगुळ, ताट्यांवरून टिपकणारं पाणी, पंख्याची घरघर. घरघर लूप करून तीन सप्तकं खाली उतरवली आणि फिल्टर मिटत आणला, तर तंबोऱ्याच्या चुलतभावासारखी काहीतरी वस्तू तयार झाली. टिपकणाऱ्या पाण्याचे तुकडे पाडून हाय-हॅटच्या, म्हणजे ड्रमच्या छोट्या झांजेच्या, जागी लावले. आई म्हणाली, कूलर बंद कर, तर मी म्हटलं बंदच आहे.

आता धुमाल. नागपुरात वाढलेल्याला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच, की गाडीवर स्पीकर, ढोल, ताशे, झांज, कीबोर्ड आणि ठोके वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड यांचा तो जो दणका असतो, त्यात उभं राहिलं की छातीतून हवा निघते. मला तो ठेका एम८वर हवा होता. ठेका सहा मात्रांच्या दादऱ्याच्या चालीचा, म्हणजे सोळा ओळी चालणार नाहीत, बाराच हव्यात. त्यासाठी सी या ओळीवर हॉप कमांड टाकली की पुढच्या चार ओळी न वाजवता गाडी पुढच्या फ्रेजवर जाते. (रूपकाच्या सात मात्रा हव्या असतील तर चौदा ओळी ठेवा, हॉप ई वर.) ठोके सगळे जागच्या जागी बसवले. ऐकलं, तर लग्नाच्या व्हिडिओत वाजणाऱ्या स्वस्त कीबोर्डसारखं.

आमच्या गल्लीतला एक पोरगा धुमाल पार्टीत पॅड वाजवतो. त्याला हेडफोन दिले. त्याने अर्धा मिनिट ऐकलं आणि काढून ठेवले. “भाऊ, तुमचं मशीन बिनचूक वाजवून राहिलं. म्हणून मजा नाही येऊन राहिली.” मग त्याने ओट्यावर बोटांनी वाजवून दाखवलं. तिघांच्या गटातला दुसरा ठोका तो किंचित उशिरा आणत होता, आणि तिसरा जागेवर.

हे आकड्यांत लिहिता येतं! ग्रूव्हच्या पानावर प्रत्येक ओळ किती टिक (वेळेचे बारीक तुकडे) टिकेल ते ठरवता येतं. मुळात ६, ६ असतं. मी तीन आकडे लिहिले: ७, ५, ६. बेरीज अठराच, म्हणजे लय ढळत नाही, पण मधला ठोका एका टिकने मागे ओढला जातो. ताशाला वेगळं ग्रूव्ह दिलं, ८, ४, ६, तर तो जास्तच झोकांड्या खायला लागला, परत आणला. झांजेचे दोन ठोके डिले कमांडने एकेका टिकने मागे सारले. मग यंदा मारबतीच्या दिवशी इतवारीत नेहरू पुतळ्याजवळ फोनवर चार मिनिटांची गर्दी रेकॉर्ड केली, “घेऊन जा गे मारबत” या आरोळीसकट, आणि तिचे तुकडे पाडून एका ट्रॅकवर ठेवले. कॉम्प्युटरवर असलं माऊसने करायला कंटाळा येतो आणि आपण “चालेल” म्हणून सोडून देतो. इथे ७, ५, ६ लिहिलं आणि झालं, म्हणून मी ऐकत बसलो, दुरुस्त करत बसलो. माझ्या लेखी या यंत्राची खरी कमाई हीच.

आता खर्चाचं. हे छोट्या बॅचमध्ये निघतं आणि संपतं, त्यामुळे वाट पाहावी लागते. वर ड्युटी आणि कर धरले की वेबसाइटवरची किंमत विसरा. त्या पैशात बरा लॅपटॉप येतो हे मला चार जणांनी सांगितलंय, आणि ते खोटं नाही. गायक असाल, मोठमोठ्या टेक रेकॉर्ड करायच्या असतील, तर याच्या वाटेला जाऊ नका. ज्याला सूर हाताने वाजवूनच सुचतात त्याने मिडी कीबोर्ड जोडावा, नाहीतर एकेक सूर बाणाने वर-खाली करताना जीव जाईल.

मायक्रोएसडी कार्डावर पैसे वाचवू नका. मी बाजारातलं स्वस्तातलं घेतलं, ते एप्रिलमध्ये गेलं आणि दोन गाणी घेऊन गेलं. आता दर रविवारी कार्डाची प्रत लॅपटॉपवर काढतो. एकदा गाडीच्या डिक्कीत भर दुपारी एम८ विसरलो होतो. बाहेर काढला तेव्हा हातात धरवत नव्हता. थंड झाल्यावर सुरू झाला, पण त्या दोन तासांत मी जेवढे देव आठवले तेवढे बोर्डाच्या परीक्षेलाही आठवले नव्हते. चार्जिंगची तक्रार नाही, जाता-येता मिळून पाऊण तास वापरतो, दोन-तीन दिवस आरामात निघतात.

पॅडवाल्या पोराने बदललेला ठेका परवा पुन्हा ऐकला. या वेळी हेडफोन काढले नाहीत. शेवटी म्हणाला, “नवरात्रात दोन दिवस द्या ना भाऊ, गाडीवर लावून पाहू.” अजून हो म्हटलेलं नाही.