तीन पिढ्यांची सुट्टी आणि एसटी

घरात सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि वाढती मुलं असली की सुट्टीत कुठे जायचं हा प्रश्न दुय्यम होतो, सगळ्यांना एकत्र न्यायचं कसं हा खरा प्रश्न. आम्ही सहा जण. चारचाकी आहे, पण तिच्यात सहा माणसं कोंबून घाट चढायचा आणि चालवणाऱ्यानं पूर्ण वेळ रस्त्याकडेच बघत राहायचं, हे मला नको होतं. म्हणून या उन्हाळ्यातले सगळे प्रवास आम्ही नाशिकहून एसटीनं केले. घरात तीन बायका, दोन म्हातारी माणसं आणि डोंगर चढायला आसुसलेली दोन मुलं असतील तर महाराष्ट्रात याहून चांगली सोय नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

पैशांचं आधी सांगतो, कारण बरेच जण तिथेच अडतात. मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीच्या सगळ्या गाड्यांत अर्धं तिकीट आहे, साध्या लालपरीपासून शिवनेरीपर्यंत. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत. पाच वर्षांवरच्या मुलांना बाराव्या वर्षापर्यंत अर्धं. म्हणजे आई, बायको आणि लेक यांची अर्धी तिकिटं, नानांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मेपर्यंत अर्धं आणि जूनपासून शून्य. ‘आवडेल तेथे प्रवास’ पासचाही हिशेब मांडून पाहिला. एकटा माणूस किंवा दोन-तीन मित्र चार-सात दिवस फिरणार असतील तर तो पास उत्तम, पण आमच्यासारख्या घराला सुटी तिकिटंच स्वस्त पडली. आधार कार्ड मात्र प्रत्येकाचं जवळ हवं.

एप्रिलमध्ये धाकट्याला बारावं पूर्ण झालं. मेच्या सुरुवातीला सप्तशृंगी गडाच्या गाडीत मी सवयीनं त्याचं अर्धं तिकीट मागितलं, तर तोच मध्ये म्हणाला, ‘‘बाबा, मला फुल.’’ कंडक्टरनं त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मशीनमधून निघालेलं तिकीट माझ्याऐवजी त्याच्या हातात दिलं. ते तिकीट त्यानं भूगोलाच्या वहीत चिकटवलं आहे. वाढदिवसाला आम्ही केक कापला होता, सायकलचं हेल्मेट दिलं होतं. मोठं झाल्याची खूण त्याला या कागदानं पटली.

गडावर जायचं कारण आई-नानांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली हे. सप्तशृंगी आमची कुलदेवता आणि लग्नानंतर ते दोघं जोडीनं पहिल्यांदा तिथेच गेले होते, तेही एसटीनंच. चैत्रोत्सव संपलेला असल्यानं गर्दी बेताची होती. यात्रेत आणि नवरात्रात पायथ्याच्या नांदुरीच्या पुढे खासगी गाड्या सोडत नाहीत, तेव्हा खानदेशातून पायी आलेल्या लोकांपासून मोटारवाल्यांपर्यंत सगळ्यांना वर नेते ती एसटीच. नांदुरीपासूनचा घाट नागमोडी आहे, एका बाजूला सरळ कडा. आई खिडकीशी बसली होती आणि प्रत्येक वळणावर नानांना काहीतरी दाखवत होती. पन्नास वर्षांपूर्वी पायऱ्या चढूनच दर्शन घ्यायचं, आता फ्युनिक्युलर ट्रॉली आहे. आई-नाना ट्रॉलीनं गेले, आम्ही पायऱ्यांनी. अठरा हातांच्या देवीसमोर दोघांना जोडीनं उभं केलं, ओटी भरली. नानांनी आईसाठी स्वतःच्या हातानं बांगड्या घेतल्या. ते मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मेच्या मध्याला लेकीचा दहावीचा निकाल लागला. मार्क चांगले पडले. बक्षीस काय हवं विचारलं तर म्हणाली, ‘‘कळसूबाई.’’ मे महिन्यात कळसूबाई चढायचं म्हणजे उन्हाच्या आधी वर पोचायला हवं, आणि त्यासाठी आदल्या संध्याकाळी पायथ्याच्या बारी गावात मुक्काम हवा. नाशिकहून राजूर-अकोले या बाजूला जाणाऱ्या काही गाड्या घोटीवरून बारीमार्गे जातात. नाहीतर घोटीला उतरून गाडी बदलायची. घोटी सोडली की डोंगर जवळ येऊ लागतात आणि बारीला उतरलं की शिखर थेट समोर. वाहनतळ शोधणं नाही, तिथून पायथ्यापर्यंत चालणं नाही. फाट्यावर पाय ठेवला की ट्रेक सुरू. गावातल्या ज्या घरी राहिलो तिथल्या ताईंनी रात्री पिठलं-भाकरी आणि लसणाची चटणी वाढली, आणि पहाटे चारला उठवायची जबाबदारीही आपणहून घेतली.

१,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच ठिकाण. आकडा सगळ्यांना पाठ असतो. पण बारीतून वर बघताना तो मनात येत नाही, बघायचं असतं ते वाट कुठून जाते ते. बॅटरीच्या उजेडात शेताडीतून चढलो. पहिल्या शिडीपाशी झुंजुमुंजू झालं. शिड्या लोखंडी आणि भक्कम आहेत, पण कठड्याला धरूनच चढावं आणि समोरून येणाऱ्याला आधी वाट द्यावी. लेक सगळ्यांत पुढे होती. मधेच थांबून ती तिच्या आईची बॅग स्वतःच्या पाठीला लावून निघाली, कुणी सांगितलं नव्हतं. तोवर चढाईत मी तिचा हात धरायचो. त्या दिवशी शेवटच्या शिडीच्या वर उभी राहून तिनं मला हात दिला.

वर देवीचं छोटं देऊळ आणि चारी बाजूंना सह्याद्री. अलंग, मदन, कुलंग ओळीनं उभे. दुसरीकडे रतनगड आणि त्याच्या शेजारचा खुटा सुळका. खाली भंडारदऱ्याचं पाणी, उन्हाळ्यामुळे आटलेलं, काठाची तांबडी माती उघडी पडलेली. धाकट्यानं नकाशा आणला होता, तो एकेक डोंगर बोटानं जुळवत बसला. ऊन चटका देऊ लागायच्या आत आम्ही उतरायला लागलो आणि हाच सल्ला देईन. दहानंतर कातळ तापतो आणि वाटेवर सावली जवळजवळ नाही. माणशी तीन लिटर पाणी घ्या. सुट्टीच्या दिवशी गावकरी वाटेत लिंबू सरबत, ताक विकतात, ते आवर्जून घ्या. परतीच्या गाडीची वेळ आदल्या दिवशी गावातच विचारून ठेवावी. फाट्यावरच्या टपरीवाल्याला ती तोंडपाठ असते.

आता नानांचं. शाळेच्या दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून. त्या पिढीतल्या अर्ध्या गावाची असते तशी, गुरुजींनी घातलेली. या १ जूनला त्यांना पंचाहत्तर पूर्ण झाली. योगायोग असा की एसटीची पहिली गाडी धावली तीही १ जूनलाच, १९४८ साली, पुणे ते अहमदनगर. नानांना हे ठाऊक होतं आणि त्यांना त्याचा अभिमान आहे. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी एसटीनं ये-जा केली. पंचाहत्तरीला काय करायचं विचारलं तेव्हा त्यांनी एकच शब्द सांगितला: रायगड. ६ जूनच्या गर्दीच्या आधी जाऊन यायचं ठरलं.

नाशिकची गाडी पुण्यात वाकडेवाडीला सोडते आणि महाडची स्वारगेटवरून सुटते, हे लक्षात ठेवून मधे पुरेसा वेळ ठेवा, विशेषतः म्हातारी माणसं बरोबर असताना. सिन्नर येण्याआधीच नानांचं तिकीट निघालं, शून्य रुपयांचं. कंडक्टर तरुण मुलगी होती. आधारवरची तारीख वाचून तिनं ‘‘आजोबा, वाढदिवसाच्या शुभेच्छा’’ म्हटलं आणि पुढच्या सीटवरची माणसंही वळून शुभेच्छा देऊ लागली. खासगी गाडीत हे घडलं नसतं. ताम्हिणीतून जाताना मुळशीचं पाणी दिसत राहतं, झाडी दाट, आणि टोपलीतून करवंदं-जांभळं विकणारी मंडळी रस्त्याकडेला बसलेली. महाडला मुक्काम केला. संध्याकाळी नानांचा हात धरून चवदार तळ्यावर गेलो. २० मार्च १९२७ ला तिथे काय झालं ते त्यांनी नातवंडांना सांगितलं, पाठ्यपुस्तकापेक्षा कितीतरी सविस्तर, कारण त्यांनी ते आपल्या वडिलांकडून ऐकलं होतं.

सकाळच्या गाडीनं रायगडाच्या पायथ्याचं पाचाड. आधी जिजाऊंच्या समाधीला गेलो. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, १७ जून १६७४ ला, त्या इथेच गेल्या. मग आई, नाना आणि बायको रोपवेनं, मी आणि मुलं पायऱ्यांनी. महादरवाज्यात पोचलो तेव्हा दमट हवेनं शर्ट पिळून काढण्याइतके भिजले होते. सगळे होळीच्या माळावर भेटलो. नाना चप्पल काढून महाराजांच्या समाधीपाशी बराच वेळ उभे होते. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवरचा ‘सेवेचे ठायी तत्पर’ हा, रायगड बांधणाऱ्या हिरोजींचा लेख लेकीनं मोठ्यानं वाचून दाखवला. नानांनी पुन्हा वाचायला लावला.

ज्यांना एसटीनं असं फिरायचं आहे त्यांच्यासाठी थोडं आणखी. साधी गाडी प्रत्येक थांब्यावर थांबते, त्यामुळे घाई असेल तर ती तुमच्यासाठी नाही. वातानुकूलन नसतं, म्हणून मे महिन्यात पहाटेची किंवा संध्याकाळची गाडी धरा आणि दुपारी ऊन कोणत्या बाजूला येणार ते बघून जागा निवडा. लांबच्या गाडीचं आरक्षण करा. गावाकडच्या गाड्यांची वेळ मात्र डेपोच्या चौकशी खिडकीवरच विचारा. सामान माणशी एक पाठपिशवी, बस्स. पाऊस सुरू झाला की घाटरस्ते दरडींमुळे बंद होऊ शकतात, तेव्हा कोकणात उतरण्याआधी फोन करून खात्री करा.

महामंडळाला एक विनंती आहे. नाशिक आणि पुण्याच्या स्थानकांवर किल्ल्यांच्या पायथ्याला जाणाऱ्या गाड्यांचा एक वेगळा फलक लावावा: बारी, पाचाड आणि बाकीची गावं, जाण्याची वेळ आणि परतीची शेवटची गाडी. धाकट्यानं तो वहीच्या मागच्या पानावर करायला घेतलाच आहे.