दोरीचं भोक: प्लास्टिकच्या स्लेडसोबत काढलेला मॉन्ट्रियलचा एक हिवाळा

१८ फेब्रुवारीला सकाळी आठच्या सुमारास, ज्याँ-तालों रस्ता ओलांडताना, माझ्या हातातली दोरी एकदम हलकी झाली. वळून बघितलं तर स्लेड, म्हणजे बर्फावरून ओढायची बिनचाकांची गाडी, झेब्रा क्रॉसिंगच्या मधोमध उभी आणि त्यात माझी दोन्ही मुलं. दोरीच्या टोकाला करंगळीएवढा निळ्या प्लास्टिकचा तुकडा लोंबत होता. ज्या भोकातून दोरी ओवली होती, तिथपासून कडेपर्यंत स्लेड फाटली होती. समोरच्या सिग्नलवर आकडे उलटे पडत होते, नऊ, आठ, सात. मी मागे धावले, वाकून स्लेडची कड दोन्ही हातांनी धरली आणि तशीच फरफटत पलीकडे नेली. गाड्या थांबलेल्या होत्या, कोणाला काही झालं नाही. पण माझ्या हातांची थरथर संध्याकाळपर्यंत गेली नाही.

हिवाळाभर रोज वापरलेली वस्तू आहे, म्हणून सविस्तर लिहितेय. स्लेड कोणती हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. नोव्हेंबर लागला की हार्डवेअरच्या दुकानांत दाराशीच ढीग लागतो, तीच लांबट, दोन मुलांची, मागे टेकायला उंच कड असलेली. ३५.९९ डॉलर, टॅक्स धरून ४१.३८.

आम्ही कॅनडात, मॉन्ट्रियलच्या पार्क एक्सटेन्शन भागात दुसऱ्या मजल्यावर राहतो. गाडी नाही. थोरली चार वर्षांची, धाकटा दीड. त्यांची गार्दरी, म्हणजे पाळणाघर, अकराशे मीटरवर. उन्हाळ्यात हे अंतर स्ट्रोलरने, म्हणजे बाबागाडीने, पंधरा मिनिटांत होतं. मागच्या हिवाळ्यातही स्ट्रोलरच वापरला होता. पुढची छोटी चाकं बर्फात रुततात, जोर लावला की आडवी होतात आणि अख्खा स्ट्रोलर पुढे कलंडतो. स्ट्रोलर उलटा करून पाठीमागे ओढत नेला तर बराच सोपा जातो, हे शहाणपण मला फेब्रुवारीत आलं. चाकांखाली लावायच्या स्की मिळतात, पण त्यांची किंमत बघून मी दुकानातूनच परत फिरले. वर्षातले चार महिने वापरायच्या वस्तूवर एवढे पैसे घालणं मला पटत नाही, अजूनही नाही.

डिसेंबरात पहिला नीट बर्फ पडला आणि मी या स्लेडच्या प्रेमातच पडले. मुलं आणि त्यांचे कपडे धरून तीस किलो वजन, पण ताज्या बर्फावर एका हाताने ओढलं जातं. आमच्या घराला बाहेरून लोखंडी जिना आहे, इथल्या जुन्या घरांना असतो तसा, सतरा पायऱ्यांचा. स्ट्रोलर त्यावरून उतरवताना दर वेळी जीव मुठीत असायचा. स्लेड दीड-दोन किलोची. ती खाली जिन्यामागे उभी करून ठेवायची, मुलांना हाताला धरून उतरवायचं, बसवायचं आणि निघायचं. मेट्रोनेही नेली. इथे ६८ स्टेशनं आहेत आणि अजून बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही. स्लेड काखेत मारली, धाकट्याला कडेवर घेतलं की झालं. रस्त्यात भेटणारे अनोळखी लोक मुलांना हात करायचे. त्या दिवसांत कोणी विचारलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते.

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच आठवड्यात चुकले आणि ती लहान मुलं असलेल्या प्रत्येकाला सांगाविशी वाटते. ओढणाऱ्याला घाम येतो आणि बसलेलं मूल गारठतं. मी जॅकेटची चेन खाली ओढून चालत होते, म्हणजे आज एवढी थंडी नाही अशी माझी समजूत. गार्दरीत पोचल्यावर धाकट्याचे बूट काढले तर पावलं दगडासारखी गार. तो रडलासुद्धा नव्हता, नुसता गप्प बसला होता. तेव्हापासून दर दोन चौकांनंतर थांबून त्याच्या मानेवर, कॉलरच्या आत, बोट घालून बघते. हातांच्या बोटांवरून कळत नाही, मानेवरून कळतं. वाऱ्यासकटची थंडी उणे २८ च्या खाली गेली तर उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. आमची वाट मुलं घेऊन पंचवीस मिनिटांची, म्हणून अशा दिवशी सरळ सुट्टी किंवा टॅक्सी.

खालून येणारी थंडी वेगळीच. प्लास्टिकचा तो पातळ तळ आणि त्याखाली बर्फ. सुरुवातीला मी घरची गोधडी अंथरली. ती तिसऱ्या दिवशी भिजून एवढी जड झाली की वाळायला दोन दिवस लागले. मग जुन्या योगा मॅटचे दोन तुकडे कापून खाली घातले आणि प्रश्न मिटला, कारण त्यात पाणी शिरत नाही. मफलर बंद करून गळ्यातून घालायचे नेक वॉर्मर घेतले. मफलरचं टोक लोंबतं, स्लेडखाली अडकतं, आणि ते गळ्याशी बांधलेलं असतं.

आता दोरी. या स्लेडमध्ये दोरी हाच सगळा मामला आहे आणि बनवणाऱ्याने नेमका त्यातच हात आखडता घेतला आहे.

सोबत येते ती पिवळी प्लास्टिकची दोरी, पेन्सिलपेक्षा बारीक. जाड हातमोज्यांतूनसुद्धा ती तळव्यात रुतते. लांबी जेमतेम चार फूट. दोरी आखूड असली की स्लेडचं तोंड वर उचललं जातं, पुढचं मूल मागच्यावर रेलतं, आणि जरा उतार आला की स्लेड थेट आपल्या टाचांवर येते. जानेवारीत दोनदा मी तिच्यावरच बसले. दोरी लांब केली तर ओढ जमिनीलगत राहते, पण वळणावर स्लेड भरकटते आणि फुटपाथवरून खाली उतरू बघते. आणि ती ओवलेली कशातून, तर पुढच्या कडेला पाडलेल्या दोन उघड्या भोकांतून. भोकाला धातूची कडी नाही, कड जाड केलेली नाही, काही नाही. तीस किलोचा प्रत्येक हिसका त्या दोन भोकांच्या काठावर. हिसकेही थोडेथोडके नव्हेत. फुटपाथ साफ करणारं शनियेत नावाचं छोटं यंत्र बर्फ ढकलत जातं आणि प्रत्येक कोपऱ्यावर त्याचा बांध तयार होतो. तो ओलांडायचा तर दोरीला झटका द्यावाच लागतो. अकराशे मीटरमध्ये असे नऊ कोपरे आहेत.

१३ आणि १६ फेब्रुवारीच्या वादळांनी चार दिवसांत ७० सेंटीमीटरहून जास्त बर्फ टाकला. या शहराला रस्ते आणि फुटपाथ मिळून जवळपास दहा हजार किलोमीटर साफ करायचे असतात, त्यामुळे आमच्या गल्लीचा नंबर लागायला कितीतरी दिवस गेले. कोपऱ्यावरचे बांध माझ्या कमरेच्या वर होते. अशा ढिगाऱ्यामागून स्लेड बाहेर येते तेव्हा वळणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला मुलं दिसतच नाहीत. मी सायकलला लावायचा उंच नारिंगी झेंडा स्लेडला बांधला होता आणि तो प्रत्येकाने बांधावा असं मला मनापासून वाटतं. डिसेंबरात सव्वाचारच्या सुमारासच सूर्य मावळतो, आणायची वेळ अंधारातच होते. पण झेंड्याने भोक फाटायचं थांबत नाही. त्या आठवड्यातले झटके त्या भोकाला सोसवले नाहीत.

घरी आल्यावर स्लेड उलटी करून बघितली. तळाला त्रिकोणात ५ हा आकडा. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, जे साध्या स्वरूपात शून्याखाली ठिसूळ व्हायला लागतं. त्रिकोणात २ असेल तर ते जाड पॉलिएथिलीन, ते कडक थंडीतही वाकतं, तुटत नाही. बर्फात वापरायची वस्तू बर्फात ठिसूळ होणाऱ्या प्लास्टिकची बनवायची आणि तिच्यावर हसऱ्या मुलांचं चित्र छापायचं, याचा मला फार राग आला. घेताना स्लेड उलटी करून आकडा बघायला दहा सेकंद लागतात. मी बघितला नव्हता.

दुकानाला फोटोसकट ईमेल केली. उत्तर आलं, तीस दिवस उलटलेत आणि हंगामी वस्तूंना वॉरंटी नाही. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच दोन ओळींचं उत्तर. मी सोडून देणार होते, पण खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी थांबवलं. त्या इथल्याच, सत्तरीच्या. त्यांनी सांगितलं की दुकानाची वॉरंटी असो वा नसो, क्युबेकमध्ये, म्हणजे आमच्या प्रांतात, कायद्याची वॉरंटी असते. ग्राहक संरक्षण कायद्याचं कलम ३८ म्हणतं की वस्तू तिची किंमत आणि वापराची परिस्थिती बघता वाजवी काळ टिकली पाहिजे. ग्राहक संरक्षण कार्यालयाकडे पत्राचे नमुनेही मिळतात. आजीबाईंनी माझं फ्रेंच दुरुस्त करून दिलं. पत्रात मी एवढंच विचारलं की पहिल्याच हिवाळ्यात हिवाळ्यामुळे तुटणारी स्लेड वाजवी काळ टिकली असं कसं म्हणायचं. बारा दिवसांनी ४१.३८ डॉलर परत आले. तोवर रोज स्लेड लागतच होती, आणि ती सुरू ठेवली आप्पांनी.

माझे वडील डिसेंबरपासून आमच्याकडे आले होते. गाव कराडजवळ, चाळीस वर्षं बैलांची शेती. स्लेड तुटली त्या दुपारी त्यांनी ती स्वयंपाकघरात टेबलावर घेतली, भोकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "अगं, सगळी ओढ एका भोकावर कुठं देत्यात व्हय? ओढ पसरावी लागती. बैलाच्या मानंवर जू कशाला ठेवतो आपण?"

त्यांनी तुटक्या झाडूचा दांडा स्लेडच्या रुंदीएवढा कापला. सळई गॅसवर लाल करून पुढच्या कडेला, तुटलेली जागा सोडून, सहा नवी भोकं पाडली. खिडक्या उघड्या टाकूनही घरभर जळक्या प्लास्टिकचा वास होता. मग दांडा आतल्या बाजूने कडेला लावून सुतळीसारखी जाड दोरी प्रत्येक भोकातून दोनदा फिरवून आवळली. ओढायची दोरी बांधली ती दांड्याच्या दोन टोकांना. आवळताना ते दोरी आधी ओली करून घ्यायचे आणि गुडघा टेकवून मागे रेलायचे. शेवटची गाठ दाव्याची, ताण आला की आणखी बसते आणि टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. हातात धरायला रबरी पाइपचा वीतभर तुकडा ओवला. आठ फूट दोरी.

त्यावर त्यांनी मागेही एक दोरी बांधली. "हा कासरा. उताराला मागनं धरायचा." दुसऱ्या दिवशीपासून आप्पा मागे कासरा धरून आणि मी पुढे. स्लेड पुन्हा टाचेवर आली नाही.

इथवर मी मार्चच्या सुरुवातीला लिहून ठेवलं होतं. तेव्हाचा निष्कर्ष होता की स्वस्त स्लेड घेऊच नका. आता एप्रिल आहे आणि माझं मत दोन ठिकाणी बदललं आहे.

पहिलं म्हणजे स्लेड स्वस्त असण्याला माझी हरकत राहिलेली नाही. दांडा बांधल्यावर ती पाच आठवडे रोज चालली, तडासुद्धा वाढला नाही. खर्च शून्य. खूप महागडी, कडक दांडीने ओढायची स्लेड घेणाऱ्यांचं मी काही म्हणत नाही, त्या दांडीने टाचेचा प्रश्न मुळातच सुटतो. पण कोणी ३५ डॉलर घेऊन दुकानात निघालं असेल तर त्रिकोणात २ बघावा आणि घरी येऊन दोरी पहिल्याच दिवशी बदलावी. ठिसूळ झालेल्या भोकावर एकही दिवस विश्वास ठेवू नये. रस्ता ओलांडताना तर मी आता दोरी ओढतच नाही, दांड्याला धरून स्लेड पायाशी घेते.

दुसरं थोरलीबद्दल. ती चार वर्षांची आहे म्हणून तिला बसवायचं, हे मी धरूनच चालले होते. स्लेड तुटली त्या संध्याकाळी धाकट्याला कडेवर घेतलं होतं आणि ती चालत आली. पस्तीस मिनिटं लागली. प्रत्येक ढिगाऱ्यावर चढली, दोनदा पडली, बर्फ खाल्ला, पण आली. आप्पा मार्चच्या मध्यावर परत गेले तेव्हा कासरा तिने मागून घेतला. उतार आला की ती टाचा रोवून मागे झुकते आणि ओरडते, "आई, मी धरलंय!" अकरा किलोचं भावंड ती खरंच धरून ठेवते. चालल्यामुळे तिचे हातपाय गरम राहतात आणि माझं ओझं निम्मं झालं. हे मी डिसेंबरातच करायला हवं होतं. फक्त तिचे बूट बघावे लागले. दोन जाड मोजे कोंबले की बूट आवळतो आणि पाय जास्त गार पडतो, एकच लोकरी मोजा आणि बोटं हलतील एवढी जागा बरी. आतलं अस्तर निघणारा बूट घ्या, नाहीतर रात्रीत वाळत नाही.

मार्च अखेरीस बर्फ वितळायला लागल्यावर स्लेड निरुपयोगी होते, हे खरं. फार थंडीत मीठ चालत नाही म्हणून इथे फुटपाथवर बारीक खडी टाकतात. बर्फ गेला की ती खडी उरते, आणि तिच्यावरून स्लेड ओढताना अंगावर काटा येईल असा आवाज होतो. तळ दोन ठिकाणी घासून पातळ झाला आहे. उघड्या फुटपाथवर मी मुलांना उतरवायचे, आणि तसे तुकडे वाढले तेव्हा पुन्हा स्ट्रोलर काढला.

कालच स्लेड बादलीभर कोमट पाण्याने धुतली. भेगांत अडकलेली खडी टाचणीने काढली. ती जिन्यामागे उलटी टांगली आहे, पण दोरी आणि कासरा सोडवून घरात आणलेत, कारण उन्हाने असल्या दोऱ्या कुजतात. आप्पांना फोनवर सांगितलं तर त्यांनी लगेच विचारलं, "गाठ सुटली का एका झटक्यात?"

सुटली.