हेडफोन तोच, कान दोन पिढ्यांचे

रत्नागिरीच्या बाजारातून ४,२०० रुपयांचा वायरवाला हेडफोन घेतला. खोक्यावर २० ते २०,००० हर्ट्झ छापलंय, म्हणजे अगदी जाड सुरापासून अगदी बारीक सुरापर्यंत सगळं वाजणार. छापेनात का! माझी बावीस वर्षं मिरकरवाडा बंदरात, मासेमारीच्या ट्रॉलरच्या इंजिनाशेजारी गेली. कान तपासले तेव्हा आलेखात ४,००० हर्ट्झपाशी हा एवढा खड्डा, म्हणजे तिथले बारीक सूर कमी ऐकू येतात. सततच्या गोंगाटाचा पहिला मार तिथंच आसपास बसतो.

पखवाज झकास लागला, थाप पोटात उतरते. झांजा मात्र गोणपाटात गुंडाळल्यासारख्या. परत करायला निघालोच होतो, तर नातीनं कानाला लावला आणि लगेच काढला. "आबा, झांजा टोचतायत! आणि मागे सूं सूं पण येतंय." मग तिनंच मोबाईलवर १५,००० हर्ट्झचा सूर लावला आणि तोंड वाकडं केलं. मी आपला विचारतोय, "अगं, चालू केलंस का?"

दुकानदाराला दोन्ही तक्रारी सांगितल्या, तो नुसता बघत राहिला. शेवटी मोबाईलच्या इक्वलायझरवर (जाड-बारीक सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) झांजांकडची पट्टी जरा वर सरकवली आणि ठेवून घेतला. आता नात हात लावत नाही, बरंच आहे. गाद्या मऊ आहेत, पण आपल्या दमट हवेत अर्ध्या तासात कान घामानं चिकट होतात. वायर जाड, गुंतत नाही.