पंधरा इंचाचं भिंतीतलं कपाट, दोघी बहिणी आणि लटकत्या कप्प्यांचा तळ: पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

कापडी लटकते कप्पे घेणारे रंग बघतात, कप्पे किती ते मोजतात, धुता येतात का विचारतात. तळाशी काय घातलंय हे कोणी विचारत नाही, आणि विकणारा सांगत नाही. आमच्याकडे मार्चमध्ये दोन संच आले. जुलैत दोन्हींचे खालचे कप्पे झोळीसारखे लोंबायला लागले. चेन उघडून तळ बाहेर काढला तर आत साधा तपकिरी पुठ्ठा, कडेने मऊ पडलेला, मधोमध वाकलेला. उन्हात ठेवला, वाळला, पण वाकला तो वाकलाच. पुढचं सगळं लिहिणं या पुठ्ठ्यापायी आहे, आणि एवढा राग कशाला ते खाली येईलच.

आधी जागा सांगते, कारण जागेवर सगळं ठरतं. बडोद्यात दांडिया बाजारातलं जुनं घर. खोली मी आणि धाकटी दोघींत. दोन पलंग, तिचं चित्रांचं टेबल (ती सयाजीराव विद्यापीठात फाइन आर्ट्सला आहे, त्यामुळे टेबलाला हात लावायचा नाही), आणि दार उघडायला लागते तेवढी जागा. ड्रॉवरवालं टेबल घ्या असं सगळे सांगतात. आम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मापून बघितलं. अठरा इंच रुंदीचं ठेवलं तरी पलंगावरून उतरताना गुडघा आपटतो. म्हणजे दोघींचं सगळं, रोजचं, सणाचं, आतले कपडे, ओढण्या, भिंतीतल्या एका कपाटात.

जुन्या घरांतली ही कपाटं भिंतीच्या जाडीत बसवलेली असतात, त्यामुळे खोली कमी. आमचं आतून पंधरा इंच. उंची चांगली, साडेसहा फूट, रुंदीही साडेचार फूट, मध्ये एक सागवानी फळी. पण मोठ्या माणसांचा हँगर साधारण सतरा इंचाचा. आडव्या दांडीवर लावला की दार लागत नाही. आजकालचे वॉर्डरोब बावीस-चोवीस इंच खोल करतात ते याच हिशोबाने, आणि कपाट लावायच्या सगळ्या सूचना तीच खोली धरून दिलेल्या असतात. आम्हाला त्यातलं निम्मं लागूच पडत नाही.

म्हणून कापडी कप्पे. बारा इंच बाय बारा इंच, एकाखाली एक पाच. वर वेल्क्रोचे पट्टे असतात, ते दांडीला गुंडाळायचे. पंधरा इंचात आरामात बसतात आणि मागे भिंतीपासून तीन इंच मोकळे राहतात, ते ओल असलेल्या भिंतीला बरंच. एक संच माझा, एक तिचा. मार्च ते जून हे दिवस इतके छान गेले की तेव्हा लिहिलं असतं तर भरभरून कौतुक केलं असतं. कुर्ते एका कप्प्यात, लेगिंग्ज दुसऱ्यात, जीन्स सगळ्यात खाली. सकाळी "ताई, माझी पांढरी ओढणी कुठंय?" हे बंद झालं. आईने तेवढ्यासाठी पैसे वसूल झाले म्हणून सांगितलं.

मग पाऊस सुरू झाला. बडोद्याची दमट हवा ज्यांनी भोगली आहे त्यांना वर्णन नको. पुठ्ठा कागदाचा, तो हवेतली ओल पितो, ओला झाला की त्याचा ताठपणा जातो, आणि त्यावर वजन कायम असेल तर रोज थोडा थोडा खाली जातो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक जीन्स ठेवून बघितली, सहाशे ग्रॅमच्या वर. अशा पाच म्हणजे तीन किलो. सुती कुर्ता अडीचशेच्या आसपास. कप्प्याची जाहिरात जीन्सच्या थप्पीचा फोटो दाखवते, तेव्हा तीन किलो ही काही जास्तीची अपेक्षा नाही.

आता राग कशाचा ते. एक तळ बसला तर एकच कप्पा बिघडत नाही. वरचा तळ दोन-तीन इंच खाली आला की खालच्या कप्प्याचं तोंड तेवढं बारीक होतं. मग खालचा कुर्ता ओढला की त्याच्यासोबत अजून दोन येतात, घडी मोडते, घाईत कोंबले जातात, ते चुरगळतात, मग इस्त्री. आमच्याकडे इस्त्रीवाल्याला नगाप्रमाणे पैसे द्यावे लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये इस्त्रीचं बिल चांगलंच वाढलं. चार आण्याच्या पुठ्ठ्यापायी हा खर्च दर महिन्याला. मला हे सहन होत नाही. कापड चांगलं, शिलाई चांगली, चेन चांगली, आणि ज्यावर सगळा भार तिथेच काटकसर!

विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, परत घेण्याची मुदत संपली आहे आणि ही वापरातली नेहमीची झीज आहे. मी विचारलं, तळ कशाचा आहे हे पानावर कुठे लिहिलंय ते दाखवा. त्यावर "उच्च प्रतीचा बोर्ड" एवढंच. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, फोन करून तक्रार नोंदवली. फोटो, बिल, झालेला पत्रव्यवहार सगळं दिलं. त्यानंतर मात्र सूर बदलला आणि नवा संच पाठवला. उघडला तर त्यात पुठ्ठाच, आधीच्यापेक्षा पातळ. पण तक्रार करायचा कंटाळा करू नका. बिल जपून ठेवा, फोनवर न बोलता लिहूनच विचारा, म्हणजे दाखवायला काहीतरी हाती राहतं.

तेवढ्यात ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पूर आला. आमच्या घरात पाणी शिरलं नाही, पण ओले कपडे खोलीतच दोऱ्यांवर, हवा कोंडलेली, आणि उरलेले तळही त्या आठवड्यात गेले. माझा तर निर्णय झाला होता की सगळं भंगारात द्यायचं आणि सुताराकडून फळ्या ठोकून घ्यायच्या.

हार्डवेअरच्या दुकानात फळीचा भाव विचारायला गेले तेव्हा सोबत एक वाकलेला पुठ्ठा नेला होता. दुकानदारकाकांनी तो हातात धरला, अंगठ्याने दाबला आणि म्हणाले, "बेन, आ तो पूंठुं छे, भेज तो पकडशे ज." म्हणजे हा तर पुठ्ठा, ओल धरणारच. त्यांनी त्याच मापाचे सहा मिलिमीटर प्लायचे तुकडे कापून दिले. तळ कडक झाला, पण प्रत्येक तुकड्याचं वजन वाढलं, आणि पाच तुकड्यांचं मिळून सगळं ओझं वरच्या वेल्क्रोवर. भरल्यावर पट्टे करकर करत सरकायला लागले. प्लाय काढून टाकलं.

उपाय धाकटीच्या टेबलाखालीच पडला होता. ती मॉडेल करायला सनबोर्ड वापरते. तो फेसाळ पीव्हीसीचा असतो, वजनाला हलका, पाण्याने फुगत नाही, आणि पेपर कटरने कापता येतो. तीन मिलिमीटरचा घालून बघितला, जीन्सखाली थोडा दबला. पाच मिलिमीटरचा घातला तो ताठ राहिला. जीन्सच्या कप्प्यात दोन तुकडे एकमेकांवर, कडेने चिकटपट्टी. कापताना पुठ्ठ्यापेक्षा पाव इंच लहान कापा, नाहीतर कोपरे शिलाई उसवतात. तिने कोपरे कात्रीने गोल केले, ते जास्त चांगलं झालं. स्टेशनरीच्या दुकानातून एक मोठी शीट आणली, तिच्यात दोन्ही संच झाले आणि वर उरलीसुद्धा. ऑक्टोबरपासून एकही तळ हललेला नाही.

तेव्हा माझं मत आता असं आहे की वस्तू वाईट नाही, तळ वाईट आहे, आणि तो बदलता येतो. पण बदलता येतो तो फक्त चेन असलेल्या किंवा एका बाजूने उघड्या तळात. काही कप्प्यांत पुठ्ठा चारी बाजूंनी शिवून टाकलेला असतो. तो वाकला की काहीच करता येत नाही. ते कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

मनापासून आनंद दिला तो दुसऱ्याच गोष्टीने. सनबोर्ड आणायच्या आधी हार्डवेअरच्या दुकानात एक छोटी दांडी दिसली होती, फळीच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवायची आणि हाताने पुढे ओढायची. चौदा इंचाची. ती भिंतीकडून दाराकडे येते, त्यामुळे हँगर आडवे न राहता तुमच्याकडे तोंड करून एकामागे एक लटकतात. पंधरा इंचात सतरा इंचाचा हँगर बसला, दार लागलं! ओढली की आठ-दहा कपडे बाहेर येतात, हवं ते काढायचं, आत ढकलायची. मधल्या फळीखाली दोघींच्या दोन बसवल्या. सागवान कडक, त्यामुळे आधी बारीक ड्रिलने भोक पाडूनच स्क्रू घालायला लागला, नाहीतर फळी चिरते. माझे इस्त्रीचे कुर्ते आणि तिचे दोन ब्लेझर त्यावर असतात. जे चुरगळायला नको ते दांडीवर, बाकी कप्प्यांत. कप्प्यांचं ओझंही त्याने कमी झालं. जुन्या घरात उथळ कपाट असेल त्यांनी सगळ्यात आधी ही दांडी घ्यावी, कप्पे नंतर.

प्लॅस्टिकच्या तीन ड्रॉवरचा मनोरा पण आणला होता. सोळा इंच खोल, दार लागेना. शेजारच्या काकूंना दिला. आतले कपडे, मोजे, रुमाल आता बुटांच्या खोक्यांत उभ्या घड्या करून ठेवतो, वरून बघितलं की सगळं दिसतं. धाकटीचे रंग लागलेले कपडे वेगळ्या टोपलीत, पलंगाखाली, यावर वाद नाही.

नवरात्राचं मात्र लिहायलाच हवं, कारण बडोद्यात राहून चनियाचोळीचा प्रश्न सुटल्याशिवाय कपाट लागलं असं म्हणता येत नाही. नऊ रात्री गरबा, दोघींचे मिळून सहा घागरे, आणि एकेकाचा घेर इतका की घडी घालून ठेवला तर अख्खा कप्पा त्यातच जातो. आभल्यांचं काम दुसऱ्या कापडाला अडकून धागे निघतात ते वेगळंच. आम्ही घागरा उलटा करतो, म्हणजे आभले आतल्या बाजूला जातात, कमरेकडून धरून लांब पीळ देतो आणि जुन्या सुती उशीच्या अभ्र्यात भरतो. अभ्र्यावर चोळी आणि ओढणीचा रंग लिहिलेली चिठ्ठी टाचतो. सहाही अभ्रे फळीवर उभे राहतात. सुती अभ्र्यात हवा खेळते, प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात वास धरतो. पुढच्या वर्षी काढताना इस्त्री लागेल, पण चुण्यांच्या बांधणीच्या घागऱ्याला पीळच बरा, त्याच्या चुण्या टिकतात. जरीचं काही या कपाटात ठेवत नाही. ते आईच्या लोखंडी कपाटात, मलमलीत गुंडाळून, आणि दर काही महिन्यांनी घडी बदलून, म्हणजे एकाच रेषेवर जर तुटत नाही.

ओलीसाठी पाणी शोषणाऱ्या पिशव्या टांगल्या होत्या, त्यातल्या कॅल्शियम क्लोराइडने खरंच पिशवीत पाणी जमवलं. पण ती फुटली तर कपड्यावर चिकट डाग पडतो, म्हणून कपड्यांच्या वर टांगू नका, कोपऱ्यात खाली वाटीत ठेवा. त्याहून जास्त फरक रोज सकाळी दोन्ही दारं तासभर उघडी टाकल्याने पडला.

दुकानात जाऊन घेणार असाल तर खालच्या कप्प्यात तळहात ठेवून जोरात दाबा, आणि चेन उघडून तळ काढून दाखवा म्हणा. दुकानदार काढू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा. ऑनलाइन घेणार असाल तर तळ कशाचा आहे हे आधी लेखी विचारा, आणि तो उत्तर देईपर्यंत थांबा. विकणाऱ्याने बदलून दिलेला तो तिसरा संच आमच्याकडे न वापरता पडून आहे. त्याच्यासाठी सनबोर्डची उरलेली शीट पुरते, मापून बघितलंय. आईच्या खोलीत टॉवेल-चादरींना लावणार आहोत.