१२००६ नावाची कटकट: आउटलुक अ‍ॅड-इन नव्या कोडवर नेल्यानंतरचे सहा महिने

फोर्टातल्या एका वकिली कचेरीत सहा महिने चाललेल्या अ‍ॅड-इनचा (आउटलुकमध्ये बसवलेल्या छोट्या जोड-प्रोग्रामचा) हा अनुभव. काम साधं: मेल निवडा, बटण दाबा, खिडकीत केस नंबर टाका, मेल त्या फाइलला लागतो. जुना कोड व्हीएसटीओचा, म्हणजे विंडोजवरच्या जुन्या आउटलुकसाठीच्या डॉटनेट पद्धतीचा, होता. नवं आउटलुक व्हीएसटीओ चालवतच नाही, त्यामुळे ऑफिस-जेएसवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर, येणं भाग होतं. मेल वाचणं, अटॅचमेंट उचलणं वगैरे फारसा त्रास न देता जमलं. घोडं अडलं ते त्या खिडकीपाशी, म्हणून बहुतेक मजकूर तिच्याबद्दलच आहे.

खिडकीत काही बिघडलं की ऑफिस-जेएस पाच अंकी एरर कोड देतं. स्वस्तात सुटणाऱ्या चुका आधी. १२००४ म्हणजे खिडकी उघडणाऱ्या डिस्प्लेडायलॉगअसिंक या फंक्शनला दिलेल्या पत्त्याचं डोमेन अ‍ॅड-इनच्या पानाच्या डोमेनशी जुळत नाही. सबडोमेन आणि पोर्टसुद्धा तंतोतंत तेच लागतं. पत्ता कोडमध्ये ठोकून बसवू नका, विंडो-लोकेशन-ओरिजिनपासून तयार करा. लोकलहोस्ट ३००० वरून खऱ्या सर्व्हरवर जाताना निम्मी डोकेदुखी जाते. १२००५ म्हणजे एचटीटीपीएस नाही. १२००२ म्हणजे पान सापडलंच नाही. वेबपॅकवर (कोड बांधून डिस्ट फोल्डरमध्ये टाकणारं साधन) आल्यावर हे हमखास होतं, कारण डायलॉगच्या एचटीएमएलसाठी एचटीएमएल-वेबपॅक-प्लगइनची वेगळी नोंद करायची राहते आणि डिस्ट फोल्डरमध्ये ते पान जातच नाही. तोच पत्ता क्रोममध्ये उघडून बघा, अर्ध्या मिनिटात कळतं.

एक बारकावा इथे फसवतो. १२००४, १२००५, १२००७, १२००९, १२०११ हे आकडे उघडण्याच्या कॉलबॅकमध्ये, म्हणजे उघडण्याचा निकाल घेणाऱ्या फंक्शनमध्ये, येतात. १२००२, १२००३, १२००६ खिडकी उघडल्यानंतर डायलॉग-इव्हेंट-रिसीव्ह्ड या इव्हेंटमध्ये. एकाच ठिकाणी पकडायला बसलात तर दुसरा गट गुपचूप निसटतो.

आता १२००६. त्याचा सरळ अर्थ: वापरणाऱ्याने फुलीवर क्लिक करून खिडकी बंद केली. म्हणून जो तो त्याच्या हँडलरमध्ये ‘रद्द केलं’ असं समजून काहीही न करता परत फिरतो. आणि मग तक्रार येते की नंबर टाकला, सेव्ह केलं, तरी मेल फाइलला लागला नाही. खिडकी डोळ्यांसमोर उघडी, आणि कोड म्हणतो बंद झाली!

कारण एका हेडरमध्ये, म्हणजे सर्व्हर पानासोबत पाठवतो त्या सूचनेत, निघालं. खिडकी आधी आपल्याच डोमेनवर उघडते आणि मग केस पोर्टलच्या वेगळ्या सबडोमेनवर जाते. ते पोर्टल क्रॉस-ओरिजिन-ओपनर-पॉलिसी हे हेडर सेम-ओरिजिन म्हणून पाठवत असेल, तर ब्राउझर उघडणाऱ्या पानाशी असलेली नाळच तोडतो. पालक पानाला खिडकी बंद झाल्यासारखी दिसते, आणि हातात येतो १२००६. पोर्टलवरून परत आपल्या पानावर आणलं तरी तुटलेलं जोडलं जात नाही. हे हेडर कोणी मुद्दाम लिहिलेलं नव्हतं. नोडचं हेल्मेट नावाचं सुरक्षा पॅकेज ते आपणहून लावतं. मुंबईत हेल्मेट नसलं तर पावती फाटते, इथे घातलं म्हणून फाटली.

उपाय: त्या एकाच रूटसाठी पॉलिसी अनसेफ-नन करा, सगळ्या साइटसाठी नाही. नाहीतर पान अ‍ॅड-इनच्याच डोमेनवर आणा. वेगळ्या डोमेनवरून मेसेजपेरेंट करायचं, म्हणजे पालक पानाला निरोप पाठवायचा, तर टार्गेटओरिजिनही (निरोप कोणत्या डोमेनला जाणार ते) द्यावा लागतो आणि पालक पानात आलेला ओरिजिन तपासावा लागतो. हा घोळ वेबवर आणि नव्या आउटलुकमध्येच होतो. चाचणी जुन्या आउटलुकवर केली असेल तर सगळं सुरळीत दिसतं आणि बोंब नंतर उठते. ओळखायची खूण म्हणजे वेळ: उघडल्याची आणि १२००६ आल्याची वेळ लॉगमध्ये लिहा. पोर्टलवर गेल्या गेल्या आकडा आला तर दोष हेडरचा, फुलीचा नाही.

पहिल्या महिन्यात या खिडकीला पाचपैकी दोनच गुण दिले असते आणि डिस्प्लेइनआयफ्रेमची, म्हणजे खिडकी पानाच्याच आत चौकटीत उघडण्याच्या पर्यायाची, आरती ओवाळली असती. वेबवर तो पर्याय लावला की पॉप-अप अडवला जाण्याचा, म्हणजे १२०११ चा, प्रश्नच मिटतो. पण मत बदललं. तो फक्त वेबवर चालतो, आणि मायक्रोसॉफ्ट किंवा गुगलचं लॉगिन पान आयफ्रेममध्ये उघडतच नाही. आता केस नंबरासाठी आयफ्रेम, लॉगिनसाठी वेगळी खिडकी. आज नव्याने लिहायचं तर लॉगिनला नेस्टेड अ‍ॅप ऑथेंटिकेशन (ऑफिसमध्ये आधीच झालेलं लॉगिन वापरणं) घेऊन ती खिडकीच टाळावी.

व्हीएसटीओची सवय आणखी एका ठिकाणी नडते. शोडायलॉग उत्तर येईपर्यंत पुढची ओळ थांबवून धरायचा. इथे काही थांबत नाही. खिडकी उघडी असताना पुढचा कोड चालून मोकळा. बटण थेट फंक्शनला जोडलं असेल आणि इव्हेंट-कम्प्लीटेड (काम संपल्याची खूण) लगेच खाली लिहिलं असेल, तर खिडकीचा निरोप ऐकायला पलीकडे कोणी उरत नाही. ती खूण निरोपाच्या, बंद होण्याच्या आणि उघडता न येण्याच्या अशा तिन्ही वाटांवर लिहा. अशा फंक्शनला पाच मिनिटांची मर्यादाही आहे. खिडकी उघडी ठेवून कटिंग प्यायला जाणारा परत येईपर्यंत फंक्शन संपलेलं असतं. अशा कामाला टास्कपेन, म्हणजे बाजूला उघडा राहणारा कप्पा, बरा.

१२००७ म्हणजे आधीची खिडकी अजून उघडी. संथ मशिनवर लोक बटण दोनदा दाबतात, म्हणून पहिली बंद होईपर्यंत बटण निष्क्रिय ठेवा. मेल पाठवताना तपासणी करणाऱ्या जुन्या ऑन-सेंडमधून त्याच्या नव्या रूपावर, स्मार्ट अलर्ट्सवर, जाणार असाल तर आधीच ऐका: इव्हेंटवर जागं होणाऱ्या कोडमध्ये डिस्प्लेडायलॉगअसिंकला परवानगी नाही. तिथे पाठवणं अडवून चूक सांगणारा संदेश दाखवता येतो.

खिडकी पांढरीफटक उघडत असेल तर दोन जागा बघा. रिअ‍ॅक्ट राउटर (पान न बदलता पत्ता बदलणारी लायब्ररी) असेल तर ऑफिस-जेएस हिस्टरीचे पुशस्टेट आणि रिप्लेसस्टेट नल करून टाकतं; ऑफिस-जेएस लोड होण्याआधी दोन्ही बाजूला जपून ठेवा आणि नंतर परत जोडा, किंवा डायलॉगला साधं वेगळं पान द्या. दुसरी जागा व्हॉल्युम लायसन्सवर घेतलेल्या ऑफिस २०१९ ची मशिनं. ‘चालतंय ना, मग नवं कशाला’ म्हणून ती बदलली जात नाहीत. आत इंटरनेट एक्स्प्लोररचं जुनं ट्रायडंट इंजिन आहे, त्याला अ‍ॅरो फंक्शनसुद्धा झेपत नाही. त्यांच्यासाठी बेबेलने (नवा कोड जुन्या रूपात बदलणारं साधन) ईएस५ चा, म्हणजे जुन्या जावास्क्रिप्टचा, वेगळा बंडल काढावा लागला, आणि मेन्टेनन्सच्या बिलात सगळ्यात मोठी ओळ आज त्याचीच आहे.